काटकोनातलं घर

गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सुतार वाकडी वस्तू दुकानाबाहेर जाऊ देत नसे. त्याचं नाव होतं ते यामुळेच. त्याचा आजारही हाच.

शाळेनं सांगितलं होतं, मुलांनी आईबाबांच्या मदतीनं पक्ष्यांसाठी घर करून आणावं. लेकीनं दुकानातल्या उरल्यासुरल्या फळ्यांचं ते ठोकलं. छप्पर एका अंगाला कललेलं, एक खिळा जिभेसारखा बाहेर. दुपारी ती खेळायला गेली आणि सुतारानं कोपऱ्याला गुण्या लावला. काटकोन कुठेच नव्हता.

"पक्षी काय गुण्या लावून बघणार आहेत?" बायको म्हणाली.

"पक्षी नाही. लोक बघतील."

लेक परतली तेव्हा नवं घर तयार होतं, गुळगुळीत, पॉलिश केलेलं. ती त्याला हात न लावता आत निघून गेली. आनंदानं बोलती बंद झाली असेल, असं त्याला वाटलं.

शाळेच्या प्रदर्शनात टेबलांवर नुसती वाकडीतिकडी घरं. प्रत्येकाशेजारी एक मूल, छाती काढून उभं. त्याच्या घराशेजारी कुणीच नव्हतं.

"हे कुणाचं गं?" बाईंनी विचारलं.

"बाबांचं," लेक दारापासून म्हणाली. "मला नाही येत."

"काय हात आहे हो तुमचा!" कुणाचा तरी बाप कौतुकानं म्हणाला. सुताराला ते हात कुठे ठेवावेत कळेना. प्रत्येक शाबासकीबरोबर त्याची मान आणखी खाली जात होती.

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "आम्ही नुसती मदत मागितली होती. शनिवारी या. मुलं वर्गात पुन्हा घरं ठोकणार आहेत. हात तेवढे खिशात ठेवायचे."

"आणि कुणाचं बोट चेचलं तर?"

"फुंकर घालायला हात लागत नाहीत."

शनिवारी तो वर्गात लेकीमागे उभा राहिला. तिनं खिळा धरला, हातोडी उचलली आणि मागे वळून ती त्याच्यापुढे केली. "तुम्हीच करा. माझं वाकडं होतं."

"होऊ दे."

तिचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? हातोडी तशीच हवेत राहिली. खिशात त्याच्या मुठी वळल्या होत्या.

"मग बघू नका तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. पलीकडची मुलं फिदीफिदी हसली. पाठीमागे पहिला घाव पडला. खिळा तिरका चाललाय, हे त्याला आवाजावरून कळलं.

दुसरा घाव पडला. तो वळला नाही.