थोरल्या साडूंची काशी

जेवढ्या वेळा माझे थोरले साडू काशीला गेले नाहीत, तेवढ्या वेळा नागपूरच्या अख्ख्या प्रताप नगरातलं दुसरं कोणी गेलं नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. तीन वर्षं ते आम्हा चौघांच्या काशीयात्रेची तयारी करत होते आणि तेवढ्या काळात ती यात्रा चार वेळा निघता निघता राहिली. दर वेळी बॅगा भरून झाल्या, सांबारवडीचे, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचे, डबे कोणी उचलायचे हे ठरलं, शेजारच्या काकूंना कुंड्यांना पाणी घालायला सांगून झालं. मग आदल्या दिवशी बेत फिसकटायचा आणि काकू आठवडाभराने गच्चीवरून विचारायच्या, कशी झाली काशी? त्यातल्या दोन खेपांना साडूंनी 'मस्त झाली' असं सांगून टाकलं, कारण खरं काय झालं ते सांगायला जास्त वेळ लागला असता.

साडू पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट कागदावर काढल्याशिवाय ती जगात आहे असं ते मानत नाहीत. मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीचा नकाशा काढला होता आणि वाढपी त्यात इतके गोंधळले की वरपक्षाला दोनदा मठ्ठा मिळाला आणि जिलेबी मिळालीच नाही. काशीचा नकाशा मात्र त्यांनी जीव ओतून काढला. दर रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे तर्रीपोहे खायला जमायचो आणि पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन बसायचो, कारण जेवणाच्या टेबलावर काशी पसरलेली असायची. गल्ल्या काळ्या शाईत, देवळं लाल शाईत, नदी निळ्या. एक घाट त्यांनी दुहेरी रेघेत काढला होता, भोसले घाट. नागपूरच्या भोसल्यांनी बांधलेला म्हणून तो आपला, आणि आपल्या माणसाच्या घरी जाताना पत्ता विचारायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

नकाशात एक लहानशी भानगड होती. सरकारी कागदांवर त्यांनी आयुष्यभर नदी वरून खाली वाहती काढली होती, म्हणून गंगाही तशीच काढली, आणि कागदाच्या माथ्यावर सवयीने 'उत्तर' असं लिहून बाण मारला. काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, तिला उत्तरवाहिनी म्हणतात, असं मी एकदा भीत भीत म्हणालो. साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नदी उतारानं वाहते गा, तुझ्या मतानं नाही."

मी बँकेतला माणूस. पाण्यातलं मला काय कळतं, असं म्हणून मी पोह्यांवर अजून तर्री घेतली.

यात्रा रद्द होण्याची कारणंही अशीच चक्रावून टाकणारी असायची. उन्हाळ्यात निघावं तर साडू म्हणायचे, नागपूरचा माणूस उन्हापासून पळतो तेव्हा तो परत उन्हातच कसा जाईल. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतात. थंडीत धुक्याने गाड्या रखडतात. उरले वसंतातले पंधरा-वीस दिवस, तर त्यात घराला रंग द्यायचं निघायचं नाहीतर त्यांना आठवायचं की नकाशात एक गल्ली राहून गेली आहे. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, हे सगळं ऐकून घ्यायची आणि भरलेली बॅग पुन्हा रिकामी करायची. ती कधी भांडली नाही. एकदाच म्हणाली, "मले घाट नाही पाहायचे, मले नुसतं पाणी पाहायचं आहे." साडूंनी ते ऐकून नदीत आणखी थोडी निळी शाई भरली.

चौथ्यांदा बेत मोडला तेव्हा माझी बायको चिडली. तिने ऑफिसातून रजा मागून घेतली होती आणि ती परत करणं तिच्या जिवावर आलं होतं. मीही साडूंना चार शब्द सुनवायचं ठरवलं. योग असा की दुसऱ्याच दिवशी दुपारी सदर भागात, माझ्या बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर ते एकटेच उभे दिसले. हातात डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल होती. तुमचे डोळे दाखवायला आलात का, म्हणून मी विचारलं. ते नाही म्हणाले. फाईल ताईची होती. तिला काचबिंदू होता. कडेचं दिसणं बरंच गेलं होतं आणि थेंब घालूनही उरलेलं किती टिकेल याचा डॉक्टरांना भरवसा नव्हता. तिला स्वतःला हे दीड वर्षापासून माहीत होतं. आम्हाला सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं.

मग तर लवकर जायला हवं, एवढंच मी म्हणालो. काहून थांबला होतात, हेही विचारलं. साडूंनी चहा अर्धा तसाच ठेवला.

"पाहून झालं म्हणजे झालं ना गा. मग पुढं पाहायले काय राहते तिले? जोपर्यंत जायचं आहे, तोपर्यंत तिचे डोळे आहेत, असं वाटते मले."

यात तर्क कुठे आहे हे मी खूप शोधलं, मला सापडला नाही. पण सुनवायचे ठरवलेले चार शब्दही मग सापडले नाहीत. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि त्याच आठवड्यातली तिकिटं काढली. साडूंना विचारलंही नाही.

आम्ही गेलो. मुक्कामाच्या ठिकाणची गाडी घ्यायला येणार होती, पण आम्ही उतरलो वाराणसी स्टेशनवर आणि गाडी उभी होती काशी स्टेशनवर. साडूंनीच तिथे बोलावली होती. तीर्थाला काशीच म्हणायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्या नावाचं स्टेशन वेगळं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दशाश्वमेध घाटावर उभे होतो. साडूंनी नकाशा उलगडला, मोबाइलवर दिशा पाहिली आणि भोसले घाट कागदावर खाली, म्हणजे दक्षिणेला आहे असं जाहीर करून चालू लागले. पुढे ते, घाट मोजत. मागे ताई, माझ्या बायकोचा हात धरून पायऱ्या पायाने चाचपत. सर्वांत मागे मी, पाण्याच्या बाटल्या घेऊन. तासाभराने घाटच संपले. आम्ही अस्सीला येऊन पोचलो होतो. तिथल्या एका नावाड्याला साडूंनी नाइलाजाने पत्ता विचारला. तो हसून म्हणाला, "वो तो उलटी तरफ है बाबूजी, आप पूरा बनारस पैदल छोड़ आए."

साडू पायरीवर बसले. त्यांनी नकाशा पाहिला, नदी पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. मग हळूच तो कागद उलटा धरला. चेहरा इतका पडला होता की माझ्या बायकोला आलेलं हसू तिथेच थांबलं. तीन वर्षांची शाई त्यांच्या मांडीवर उलटी पडली होती.

"चुकलं माझं," ते ताईला म्हणाले. "तुले उगाच चालवलं."

ताई म्हणाली, "आता होडी करा."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आम्ही सरळ भोसले घाटावर गेलो असतो, तर थोडेच घाट बघून परत फिरलो असतो. आता अस्सीपासून खाली, प्रवाहाबरोबर, अख्खी काशी आमच्या डाव्या हाताला सरकत होती आणि पलीकडच्या काठावरून वर आलेलं ऊन तिच्यावर पडलं होतं. ताई नावेच्या टोकाशी बसली. एका बाजूचं दिसायला तिला मान पूर्ण वळवावी लागत होती. ती वळवायची आणि विचारायची, ते काय? साडू सांगायचे. नकाशा त्यांनी खिशात कोंबला होता, म्हणून सगळं तोंडपाठ सांगत होते आणि सगळं चुकत होतं. राजवाड्याला मठ म्हणाले, मठाला धर्मशाळा. नावाड्याला राहवेना. तो दुरुस्त करायला लागला तेव्हा ताईने त्याला हातानेच थांबवलं.

"रहने दो भैया, इनको बताने दो."

मग ती खाली वाकली आणि तिने हात पाण्यात सोडला. भोसले घाट आला तेव्हा साडू तिच्या पाण्यातल्या हाताकडेच पाहत होते. शेवटी नावाड्यानेच सांगितलं की हा तुमचा.

याला आता दोन वर्षं होत आली. ताईला उजेड आणि सावली एवढंच कळतं. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जातो तेव्हा दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि साडू तिला त्या सकाळचं सांगत असतात. परवाही ते सांगत होते की एका पायरीवर एक बाई लाल लुगडं वाळत घालत होती.

"पिवळं होतं," ताई म्हणाली. "अन् बाई नव्हती, म्हातारा होता."

"असं का," साडू म्हणाले, आणि तो म्हातारा लुगडं कुणाचं वाळवत होता ते तिला विचारू लागले. ते खरंच विसरतात की मुद्दाम चुकतात, हे मला अजून उमगलेलं नाही. मी नावेत त्यांच्या शेजारीच बसलो होतो, पण तो म्हातारा मलाही दिसला नव्हता. ताई सांगत राहिली. मीही खुर्ची जवळ ओढून घेतली.