काळं ऑइल आणि आमचं दार

ज्या दिवशी तात्या गेले, त्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. मी डबा आणि वह्यांची पिशवी घेऊन शाळेला निघाले, तर सासरेबुवा इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून, उजेडाकडे धरून उभे. शुद्धलेखन तपासावं तशी ते ती पट्टी तपासायचे. “काळं झालंय, बाई. भात झोडून झालं की बदलू,” म्हणाले. मी “हो” म्हटलं आणि निघाले. मधल्या सुट्टीत शेजारच्या हौसाआजीचा फोन आला. आजी फोनवर कायम ओरडून बोलतात, त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. “सूनबाई, ये बरं घरला. गुरुजी वट्यावर बसल्यात, पन बोलंनात...” घोडेगावहून तळेघरला मी त्याच गाडीने आले. चढावर गाडी एकदाही कुरकुरली नाही. घरी पोचले तेव्हा ओट्यासमोर माणसं जमली होती.

तात्या प्राथमिक शिक्षक होते, आणि मीही शिक्षिका म्हणून घरातसुद्धा मला ‘बाई’ म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा, संदीप, भोसरीला कंपनीत. तो शनिवारी येतो. आमच्याकडे एसटी यायची तेव्हा येते, नाही तर दोन पाय आहेतच. त्यामुळे लग्न झाल्यावर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की मी घोडेगावात खोली घेणार, तात्या मुलाकडे जाणार आणि तळेघरच्या घराला कुलूप लागणार. तात्यांनी कुणाशी वाद घातला नाही. एक जुनी छोटी गाडी विकत घेतली, मला स्टीअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून महिनाभर खालच्या माळावर चालवायला शिकवलं. गाडी आली म्हणून मी तळेघरात राहिले, आणि मी राहिले म्हणून आमचं दार उघडं राहिलं.

चालवण्यापलीकडे गाडीतलं तात्यांना तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी ऑइल बदलायचं मनावर घेतलं. आता घराजवळ सपाट जागा एकच, भात झोडायचं खळं. त्यांनी त्या खळ्याच्या कडेला माणूस आडवा मावेल असा चर खणला. गाडी अशी उभी करायची की दोन्हीकडची चाकं चराच्या दोन अंगांना, चाकांना दगड लावायचे आणि मग चरात उतरून पाठीवर झोपायचं. पहिल्या वर्षी ते स्वतः झोपले. बाहेर आले तेव्हा त्यांचे फक्त दात पांढरे होते. दुसऱ्या वर्षी म्हणाले, “या बाई, आता तुमचा तास.” सासऱ्यासमोर सून चरात आडवी म्हटल्यावर बघायला निम्मी वाडी लोटली. हौसाआजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “गुरुजी, ही सून म्हनायची का मेस्त्री?” तात्या म्हणाले, “मेस्त्रीच. सून आयती मिळाली, मेस्त्री मी घडवतोय.” मी चरात पडल्या पडल्या लाजेने अर्धी झाले होते, पण ऑइल सोडायला उलटा फिरवलेला नट पुन्हा सरळ फिरवून आवळायला विसरले नाही.

इंजिनातून निघालेलं ते काळं ऑइल आमच्या भागात कुणी टाकून देत नाही. दाराला, खांबांना, गोठ्याच्या वाशांना फासलं की वाळवी लागत नाही. त्यामुळे तात्यांनी बॉनेट उघडलं की त्याची बातमी वाडीभर व्हायची आणि माणसं आपापला डबा घेऊन खळ्यावर हजर. तात्या पंगतीला वाढावं तसं वाटायचे, एकाला जास्त नाही, एकाला कमी नाही. कुठल्याही आळीत जा, दारांचा रंग एकच. एका वर्षी मात्र तात्या हात धुवायला गेले आणि हौसाआजी आधीच येऊन बसल्या. समोर घमेल्यात काळंकुट्ट ऑइल, शेजारी कॅनमध्ये सोन्यासारखं नवं. गुरुजी आपल्याला खराब माल कसा देतील, असा सरळ विचार करून आजीने नवा कॅन उचलला आणि दार, चौकट, खिडक्या सगळं चोपडून टाकलं! ते ऑइल वाळेना. भाताचा पेंढा आला, भुसा आला, तळेघरातली प्रत्येक माशी येऊन त्या दाराला चिकटली. इकडे गाडीच्या पोटात थेंब नाही, म्हणून ती जागची हलवता येईना. तात्या नवा कॅन आणायला बससाठी चालत गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “हौसाबाई, आता तुमच्या दाराला चावी लावून बघा, चालू होतंय का.” आजी त्यावर वर्षानुवर्षं रुसण्याचं सोंग करत राहिल्या.

ह्या सगळ्या वाटपात आमचं दार तेवढं कोरडं राहायचं. तात्या स्वतःचा वाटा शेवटी ठेवायचे आणि शेवटी घमेल्यात नुसता ओघळ उरायचा. खालची चौकट वाळवीने पोखरायला घेतली होती. मी चिडायचे. “तात्या, जगाची दारं काळी आणि आपलं पांढरं?” तर म्हणायचे, “पुढच्या येळंला.” मला खरंच राग यायचा त्यांचा.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तात्यांच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि जे बोलणं व्हायचंच होतं ते झालं. संदीपचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. “गाडी जुनी, रस्ता घाटाचा, तू एकटी. तात्या होते तोवर ठीक होतं. आता गाडीची काळजी कोण घेणार? घोडेगावात खोली बघू,” तो म्हणाला. वारूळवाडीचा एकजण गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला रविवारी येणार होता. मलाही भीती वाटतच होती. तात्या शेजारी उभे नसताना मी तो नट कधी उघडला नव्हता.

त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत भात झोडून झालं होतं. मी सकाळची शाळा करून आले, गाडी चरावर उभी केली, चाकांना दगड लावले आणि ती जरा निवेपर्यंत ओट्यावर बसले. मग आत गेले, तर नाचणीच्या कणगीमागे तात्यांनी नव्या ऑइलचा कॅन आणि फिल्टर आणून ठेवलेला होता, वर त्यांचं जुनं बनियन, हात पुसायला. ते बनियन बघितलं आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू बाहेर आलं. मनसोक्त रडले, मग साडी बदलून गाऊन घातला आणि चरात उतरले. नट हलेना. पान्यावर दोन्ही हातांनी भार टाकला तेव्हा कुठे सुटला आणि ऑइलची काळी धार घमेल्यात पडायला लागली... फिल्टर बदलला. नट घट्ट बसवला, पुन्हा बघितला, परत एकदा बघितला, आणि मगच वरून नवं ओतलं. इंजिन चालू करून खाली वाकून बघितलं. थेंबही गळत नव्हता.

मान वर केली तर खळ्यावर माणसं. प्रत्येकाच्या हातात डबा. बोलवायला कुणी गेलं नव्हतं. एकाने डबा पुढे केला तशा हौसाआजी काठी आपटत मध्ये आल्या. “थांबा रं. आंदी गुरुजीच्या दाराला. आमची समद्यांची दारं काळी केली मानसानं, सोताच्याला कवा उरलं न्हाई.” मला राहवलं नाही. म्हटलं, “आजी, घराला कुलूप लागायचं चाललंय. राहू द्या.” आजीने चिंधी घमेल्यात बुडवली. “कुलपाच्या दाराला कोन आइल लावतं गं? सर बाजूला.” मग कुणी चौकट घेतली, कुणी खिडकी. त्या दिवशी बाकीच्यांचे डबे रिकामेच परत गेले.

संदीप आला तेव्हा अंधारून आलं होतं. नेहमीसारखं दार ढकललं आणि त्याचा सगळा तळवा काळा झाला. तो हाताकडे बघत राहिला, मग हुंगला. टॉर्च घेऊन खळ्यावर गेला, बॉनेट उघडलं, पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून काढली आणि टॉर्चच्या उजेडात धरली. आत येऊन त्याने वारूळवाडीला फोन लावला. “उद्या येऊ नका, पावणं. गाडी घरातच लागतीये.”

दाराचा वास अजून गेलेला नाही. सकाळी कडी काढली की तो नाकात शिरतो आणि क्षणभर वाटतं, तात्या बाहेर बॉनेट उघडून उभे आहेत. मी बाहेर येते. पट्टी काढते, त्यांच्या बनियनला पुसते, पुन्हा घालते, काढते आणि उजेडाकडे धरते.

अजून सोनेरी आहे.