काकांची साठ वाक्यं

टॅबलेटवरची सगळी बटणं राखाडी झाली होती. जनार्दनकाकांनी एक दाबलं, दुसरं दाबलं आणि टॅबलेट माझ्यासमोर सरकवला.

काका कासूकडच्या मिठागरावर काम करायचे. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. मी पेणला स्पीच थेरपिस्ट आहे. अशा ऑपरेशनआधी आम्ही पेशंटची रोजची वाक्यं त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवतो. नंतर बटण दाबलं की ते वाक्य ऐकू येतं. काकांची साठ वाक्यं होती.

सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनचं. म्हणजे वर्षाचं भाडं भरा, तोवर वापरा. रेकॉर्डिंगही कंपनीच्या सर्व्हरवर. रिन्यूअलचा ईमेल माझ्या जुन्या पत्त्यावर पडून होता, चूक माझीच. लगेच पैसे भरले. बटणं उजळली, पण आत काहीच नव्हतं. हेल्पलाइनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, प्लॅन संपल्यावर तीस दिवस बटणं चालतात, मग बंद होतात आणि डेटा पुसला जातो. हवं तर कॉम्प्युटरचा मराठी आवाज घाला.

तो ऐकून काकू म्हणाल्या, "ह्यो कोन बातम्या देतोय? आमचं हे असं बोलत नाय."

पुन्हा रेकॉर्ड करायला काकांचा आवाजच उरला नव्हता. मला दोघांकडे बघवेना.

मग गुप्ते सर आठवले. रोह्याचे, माझे पहिले बॉस, आता रिटायर्ड. माझ्या दवाखान्यात पुरेशी शांतता नाही, म्हणून काकांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच घरी, जुन्या कॉम्प्युटरवर झालं होतं. त्यावरचं सॉफ्टवेअर त्यांनी एकदाच सीडीसकट विकत घेतलेलं. "सर, आता बदला की हे," असं मी कितीदा म्हटलं असेल.

फोन केला. सर म्हणाले, "मूळ फाइल मी पुसत नाही. ये."

दुपारच्या गाडीने रोह्याला गेले. साठच्या साठ फाइली होत्या, नावं घालून ठेवलेल्या. बटणांचं जुनं, विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही सरांच्या एका टॅबलेटवर होतं. त्याला इंटरनेट लागत नाही. सरांनी सगळं त्यात भरून टॅबलेटच माझ्या हातात ठेवला. रागावले नाहीत. जेवलीस का, एवढंच विचारलं. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "अगं, मी फक्त नवीन घ्यायचा कंटाळा केला."

दुसऱ्या दिवशी काकांनी पहिलं बटण दाबलं. "ए गो, च्या ठेव जरा."

काकू सवयीने उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दवाखान्यात आहोत. काका खांदे हलवून हसत होते.

सबस्क्रिप्शन मी अजूनही भरते. काही सोयी आता भाड्यानेच मिळतात. पण रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी त्याचा पेनड्राइव्ह पेशंटच्या घरी जातो. सॉफ्टवेअर भाड्याचं चालेल, आवाज ज्याचा त्याच्याकडे असलेला बरा.