मावशीचं इथं कोणी नाही

नव्वद सालानंतरची काही वर्षं शिराळ्याच्या तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून मी लोकांचे अर्ज लिहायचो. रेशनकार्ड असो की पेन्शन, साहेबाला पाझर फुटेल असं लिहिण्यात माझा हातखंडा होता, आणि त्याचा मला माजही होता. ‘निराधार’ हा शब्द तर हमखास लागू पडायचा.

शेजारच्या मावशीची मुलगी इंग्लंडात नर्स होती. तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून मावशीनं व्हिसाचा फॉर्म मागवला. सोबत इंग्रजीत एक पत्र जोडायचं होतं: का जायचंय, किती दिवस राहणार, परत कधी येणार. मी ते एका बैठकीत टाइप केलं. अर्जदार विधवा आहे, निराधार आहे, मुलीवाचून तिचं या जगात कोणी नाही. मावशीनं विश्वासानं सही केली.

नकार आला. सोबतच्या पत्रानुसार बाईंचं भारतात कोणीच नाही, तेव्हा त्या परत येतील असं वाटत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

ते मी तिला मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा ती माझ्यासाठीच भाकरी थापत होती. आई गेल्यापासून मी तिच्याकडंच जेवायचो. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तव्यावरची भाकरी उलटत तिनं एवढंच विचारलं,

“कोण न्हाई म्हणून लिवलंस व्हय? मग तू माझा कोण रं?”