शत्रुघ्नने कापलेला बांबू

शत्रुघ्न कुवेत सोडून देवगडकडच्या आपल्या गावी गेला त्याला तीन वर्षं होत आली. तरी आमच्या फिंतासच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा नळ गळायला लागला की पहिलं नाव त्याचंच निघतं. आणि ते निघालं की मी स्वयंपाकघरात उगाच काहीतरी काम शोधते.

धंद्याने तो प्लंबर. आठवडाभर कंपनीच्या साइटवर आणि शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, आमच्यासारख्यांच्या घरी. जवळच्याच मेहबूला वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहायचा. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यात याच्या कापलेल्या बाटल्या, प्रत्येकीत कसली ना कसली फांदी. म्हणायचा, "वैनी, हाताला माती लागल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाय. इथे माती नाय, तर पाण्यावर भागवायचं."

२००४ साली मी इथल्या राई भागातल्या नर्सरीतून लकी बांबू आणला. काचेच्या भांड्यात खडे, त्यात तीन कांड्या, वर लाल रिबीन. माझ्या नवऱ्याच्या, चंद्रहासच्या, प्रमोशनची फाइल तेव्हा कंपनीच्या अहमदी शहरातल्या ऑफिसात फिरत होती. मी एमएस्सी झालेली बाई, पण रोज सकाळी त्या कांड्यांकडे बघून मनातल्या मनात हात जोडायचे. जूनमध्ये मुलीला घेऊन नाशिकला निघाले. चंद्रहास तिन्ही महिने साइटवरच राहणार, म्हणून किल्ली शत्रुघ्नकडे दिली. म्हटलं, "बाकी झाडं मेली तरी चालतील, बांबू तेवढा जपा."

जुलैत माहेरच्या फोनवर त्याचा फोन आला. "वैनी, तिन्ही कांड्या खालून पिवळ्या पडल्यात. नळाचं पाणी सोसलं नाय त्यांना. वरचा हिरवा भाग कापून खोलीवर नेऊन लावतो, रोज बघता येईल. नायतर सगळंच जाईल. कापू का?" घरात भाचीच्या साखरपुड्याची गडबड, माझ्या एका हातात हिरवा ब्लाउजपीस, दारात शिंपी. "तुम्हाला काय करायचं ते करा हो," म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे ते साफ विसरले.

ऑगस्टअखेर परतले, त्याच्या आदल्याच दिवशी प्रमोशन दुसऱ्याला मिळालं होतं. दारातून आत आले तर समोर नुसते खडे. खालच्या मजल्यावरची रेखा आणि शेजारची विजया भेटायला आल्या होत्या. त्यांच्यासमोरच शत्रुघ्न किल्ली द्यायला आला.

"बांबू कुठाय?"

"खोलीवर आहे, वैनी. मुळं फुटतायत. अजून थोडे दिवस..."

"माझ्या घरातली वस्तू तुझ्या खोलीवर? किल्ली दिली म्हणजे घर दिलं का तुला? कुणाला विकलास?"

एरवी मी त्याला अहो-जाहो करायचे. तो म्हणाला, "मी फोन केला होता तुम्हाला."

आणि मला आठवलं. हिरव्या ब्लाउजपीससकट सगळं आठवलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "मला कुणाचा फोन नाही आला."

त्याने एकदा रेखाकडे पाहिलं, मान किंचित हलवली. मग म्हणाला, "माझंच चुकलं असेल, वैनी." किल्ली टेबलावर ठेवून गेला.

विजयाच्या पोटात गोष्ट राहत नाही. पुढच्या शुक्रवारपासून आमच्या मराठी घरांतून त्याला कुणी बोलावलं नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. मी बोलले नाही. डिसेंबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो गेल्यावर त्याच्या खोलीतला अकबर एक खोकं घेऊन आला. आत पाच बाटल्या. तीन शेंडे, तांबूस मुळं सुटलेले. दोन मधले तुकडे, वरचं तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केलेलं, पेरातून कोंब बाहेर आलेले. अकबर म्हणाला, "शत्रुघ्नभाई ने बोला है, नल का पानी मत डालना." दुसरा काही निरोप नव्हता.

आता तेच मी करते. पेराच्या जरा वर कापायचं, मेण लावायचं, शेंडा बाटलीतल्या पाण्यात ठेवायचा. बिल्डिंगमध्ये घरोघरी माझा बांबू आहे. गेल्या शुक्रवारी चहाला बसलो असताना विजयाने विचारलं, "शर्मिला, हे तुला शिकवलं कुणी?" आजवर पुस्तकात वाचलं म्हणून सांगायचे. त्या दिवशी मात्र सगळं सांगून टाकलं. फोन आला होता, मी खोटं बोलले. माझी मलाच लाज वाटत होती, मान वर होईना.

रेखाने कप खाली ठेवला. "मला माहीत आहे. फोन त्याने माझ्याच घरून केला होता. मी शेजारीच उभी होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"त्यानेच नको म्हणून मान हलवली. मग खाली येऊन म्हणाला, प्रमोशन गेल्याचं दुःख आहे वैनींना, चार माणसांत त्यांना खोटं पाडू नका. दोन दिवसांत त्या आपणहून सांगतील." ती पुढे म्हणाली, "मग मलाही त्याला बोलावायला तोंड राहिलं नाही."

दोन दिवस. डिसेंबरपर्यंत तो इथेच होता, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.