पाल्याला औषध म्हणायचं नसतं

दादाला लिव्हरचा कॅन्सर झालाय हे आम्ही बदलापुरात कोणालाच सांगितलं नाही. लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात, आणि माझ्या भावाने जन्मात चहापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. तरुणपणीच्या काविळीचा विषाणू इतकी वर्षं आत मुक्कामाला होता, असं डॉक्टर म्हणाले. दादाची मुलगी सिंगापुरात नर्स. तिने तिथला सर्जन ठरवला आणि आम्ही सगळीकडे 'सिंगापूरला चाललोय' एवढंच सांगितलं.

याचा परिणाम असा झाला की निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागला. आमच्याकडे तेव्हा फ्लेक्सची साथ नुकतीच आली होती. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' दादाचा फोटो अंगठ्याएवढा, नगरसेवकांचा दाराएवढा. नगरसेवकांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "वॉर्डाचं नाव तिकडे उज्ज्वल करा." बॅग घ्यायला उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात गेलो होतो, तिथेही सिंधी दुकानदाराने विचारलंच, "घूमने जा रहे हो, साईं?" मी हो म्हटलं. दादा बॅगेची चाकं फिरवून बघत राहिला. मोरिवलीजवळच्या कारखान्यात तो तीस वर्षं लेथवर टर्नर होता. चाक जरा डुगडुगलं तरी त्याला चालत नसे.

सिंगापूरला दादा, वहिनी आणि मी गेलो. सर्जनच्या पहिल्या भेटीला पुतणी तिच्या हॉस्पिटलात ड्युटीवर होती, म्हणून दुभाषा मी. मी जन्मभर अंबरनाथच्या एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळला. त्यामुळे माझं इंग्रजी 'आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून' या थाटाचं. सर्जन ठेंगणा, शांत माणूस. त्याने विचारलं, कुठल्याही गोळ्या, काही हर्ब्ज घेता का?

मी भाषांतर केलं, "औषध काही चालू आहे का? गावठी वगैरे?"

"नाही," दादा म्हणाला. "औषध काही नाही."

ऑपरेशनला गुरुवारची तारीख ठरली.

मंगळवारी दादा-वहिनी स्कॅनला गेले असताना मी पुतणीच्या फ्लॅटवर आमटी केली. बॅगेत 'गोडा मसाला' अशी चिठ्ठी लावलेली बाटली होती, त्यातले दोन चमचे घातले. दुपारी जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला तोंड कडूजहर झालं.

"वहिनी, तुमचा मसाला खराब झालाय."

वहिनीने बाटली बघितली आणि झटकन पदराखाली घेतली. "अहो भावजी, तो मसाला नाही. ह्यांचा पाला आहे."

"कसला पाला?"

"आमच्या मामांचा. काविळीचा."

वहिनीचे मामा सोनिवलीला असतात आणि काविळीवर पाला वाळवून, कुटून देतात. त्यांची अट एकच: झाडाचं नाव विचारायचं नाही आणि पाल्याला औषध म्हणायचं नाही. औषध म्हटलं की त्याचा गुण जातो.

"कधीपासून घेतोयस?" मी दादाला विचारलं.

"गाठ कळली तेव्हापासून. सकाळ-संध्याकाळ चमचाभर."

"आणि डॉक्टरला नाही म्हणालास?"

"तू औषध विचारलंस. पाला विचारलास का?"

चूक त्याची होती तितकीच माझीही होती.

"उद्या त्यांना सांगतो," मी म्हणालो. "असल्या पाल्यानं रक्त पातळ झालं असेल तर? पोट उघडल्यावर थांबलंच नाही तर?"

"आणि सांगितलंस, नि त्यांनी तारीख ढकलली, तर? गाठ थांबणारे का तुझ्यासाठी?" दादाने ताट सरकवलं. "दुभाषा म्हणून आणलाय तुला. मी बोलेन तेवढंच बोलायचं. माझं तोंड व्हायचं नाही."

"पोरीला तर अजिबात सांगू नका," वहिनी म्हणाली. "ती मला घराबाहेर काढेल."

त्या दिवशी मी विचार करण्याशिवाय दुसरं काही केलंच नाही. डॉक्टरांच्या डौलावर माझा विश्वास कमी, मामांच्या अटींवर त्याहून कमी. पाल्यात काहीच नसेल, तर एका मसाल्याच्या बाटलीपायी भावाचं ऑपरेशन लांबवणारा मी. असेल, तर गप्प बसून त्याला टेबलावर पाठवणारा मी.

बुधवारी दादाला दाखल केलं. नर्स फॉर्म घेऊन आली आणि तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला. शब्दही तोच, हर्ब्ज. वहिनी खिडकीकडे बघायला लागली.

मी या वेळी नीट भाषांतर केलं. "दादा, पाला घेतोस का, असं विचारतायत."

दादाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेनंतर लहानपणी मी पळून जात असे. कारखान्यात माप न घेतलेल्या जॉबवर त्याने कधी सही केली नव्हती. फॉर्म त्याच्या हातात होता, पेन नर्सने पुढे धरलं होतं.

"हो," तो म्हणाला. "घेतो."

सर्जन आला. वहिनीने पिशवीतून काढून दिलेल्या बाटलीवरची चिठ्ठी त्याने मला वाचून दाखवायला लावली, झाकण उघडून वास घेतला. नाव विचारलं. नाव विचारायचं नसतं, हे इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. रक्त तपासलं, ते गोठायला हवं त्याहून जास्त वेळ घेत होतं. पाल्यामुळे की लिव्हरमुळे, ते सर्जनही सांगू शकला नाही. पाला बंद, ऑपरेशन पंधरा दिवस पुढे.

त्या पंधरा दिवसांत दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीठ हवं असलं तरी वहिनीला सांगे, "त्याला म्हणावं, मीठ दे." नव्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. थोडीच, पण वाढलेली. रिपोर्ट मीच वाचून दाखवला.

ऑपरेशन सात तास चाललं. सर्जन बाहेर आला तेव्हा पुतणी रडत होती आणि वहिनी माझी बाही धरून उभी होती. दिसत होती तेवढी गाठ निघाली, तो म्हणाला. मोठ्या शिरेला जवळजवळ टेकली होती. पुन्हा होणारच नाही असं म्हणता येणार नाही.

मी सगळं सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावजी, त्यांना विचारा, पंधरा दिवस आधी केलं असतं तर?"

मुलीचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं, पण वहिनीने मलाच सांगितलं. मी विचारलं. कापायला सोपं गेलं असतं, सर्जन म्हणाला. रक्त थांबवता आलं असतं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला शुद्ध आली. ओठ सुकलेले, नाकात नळी. मला बघून त्याने बोट हलवलं.

"काय म्हणाला?"

मी दोन्ही वाक्यं सांगितली, सर्जन म्हणाला त्याच क्रमाने. दादा डोळे मिटून पडला. मला वाटलं, झोपला.

"पाणी कधी देणार, ते विचारलंस?"

ते मी विचारलं नव्हतं.

"मग विचार की," तो म्हणाला, आणि मी नर्सला शोधायला गेलो.