ट्रॅकवरची नसीम

युसूफभाई मला कधी फोन करत नाहीत. त्यांचा काही निरोप असला तर तो त्यांच्या बायकोकडून, नसीमकडूनच यायचा. त्यामुळे त्या सकाळी दोह्याजवळ लुसैलच्या ऑफिसात, मीटिंग सुरू असताना मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा मी खुर्ची मागे सारून बाहेरच आले. ते म्हणाले, "मृणाल, नसीम गेली गो... गाडीत गेली."

मी म्हटलं, "कुठल्या गाडीत? गाडी तर घरी उभी आहे!"

मी खरोखरच तसं म्हटलं. 'गाडी' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच यायची : नसीमची, माझी आणि माझ्या नवऱ्याची, हेमंतची, अशी तिघांची लाल गाडी. तीच आम्ही रेसच्या ट्रॅकवर पळवायला न्यायचो. ती तर ऑफिसला निघताना मी आमच्या राहत्या कंपाउंडच्या पार्किंगमध्ये बघितली होती, जागच्या जागी. म्हणजे युसूफभाईंची काहीतरी चूक होतेय, कुणीतरी त्यांना चुकीचं सांगितलंय... एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"बसमध्ये," ते म्हणाले. "कंपनीच्या बसमध्ये. ड्यूटीवरनं घरी येत होती."

नसीम रास लफानला गॅसच्या एका प्लांटच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. शिफ्ट संपल्यावर कंपनीची बस सगळ्यांना दोह्यात आणून सोडते. त्या सकाळीही ती नेहमीसारखी खिडकीपाशी बसली. पट्टा लावला. शेजारच्या बाईशी थोडं बोलली, कँटीनमधल्या बेचव डाळीवरून दोघी हसल्याही. मग तिनं डोळे मिटले. शिफ्टवरून येणारी सगळीच माणसं बसमध्ये डोळे मिटतात. अबू हमूरला तिचा स्टॉप आला तेव्हा त्या बाईनं तिच्या खांद्याला हात लावला, "नसीम, उठो, घर आ गया." ती उठली नाही. हृदय बंद पडलं, असं हॉस्पिटलात सांगितलं. वाटेत नेमकं कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. रस्ता सरळसोट, बस ठरलेल्या वेगानं चाललेली, एसी सुरू, सगळे पेंगत होते. एवढ्या माणसांत बसून ती एकटी गेली.

आता काही आठवडे झाले. तरी हे वाक्य लिहिताना मी थांबले, आणि खरंच असं झालं का, हे हेमंतला पुन्हा विचारून आले.

नसीम मूळची दापोलीकडची. रत्नागिरीत एमएस्सी झाली, लग्न झालं आणि युसूफभाईंबरोबर इकडे आली. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा अबू हमूरच्या या कंपाउंडमध्ये आमच्या समोरच्या व्हिलात हे कुटुंब राहत होतं : ती, युसूफभाई आणि त्यांची मुलगी सना. सामानाची खोकी अजून दारातच होती आणि ही बाई ताटलीत तांदळाच्या भाकऱ्या नि कोलंबीचं कालवण घेऊन उभी. मला म्हणाली, "मराठी ऐकली खिडकीतून. भांडताव काय रे नवरा-बायको, म्हटलं बघून येऊ." आम्ही खरंच भांडत होतो. फ्रिज कुठे ठेवायचा यावरून. तिनं जागा दाखवली आणि फ्रिज अजून तिथंच आहे.

गाडी चालवायला ती इथंच शिकली. लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाली की तिथले लोक तिला नावानं ओळखायला लागले होते. रिव्हर्स घेताना घाबरायची. मॉलच्या पार्किंगमध्ये तर गाडी शेवटपर्यंत तिनं दोन जागांच्या मधोमधच लावली. पण पुढे जायची भीती तिला कधी वाटली नाही. हेमंतला गाड्यांचं वेड. लुसैलच्या रेसिंग सर्किटवर अधूनमधून आपली गाडी घेऊन चालवता येते, असं त्यानं एकदा चहा पिताना सांगितलं. मी म्हटलं, तिथं श्रीमंतांची पोरं येत असतील. नसीम कपातल्या चहाकडे बघत होती. म्हणाली, "बायांना सोडतात?"

सोडतात, असं कळल्यावर ती आमच्या मागेच लागली. मग आम्ही देश सोडून चाललेल्या एका माणसाकडून ती जुनी, दोन दारांची जपानी गाडी घेतली. उन्हानं उडून लाल रंग अर्धा गुलाबी झाला होता. पार्किंगच्या शेडखाली हेमंतनं तिची मागची सीट काढली, कार्पेट काढलं, दारांच्या आतली अस्तरं काढली. वजन कमी झालं की गाडी पळते, म्हणून. एसी पण काढतो म्हणाला, तेव्हा मात्र नसीम आडवी आली. "वजन मी माझं कमी करते हवं तर. एसीला हात लावायचा नाय." हेमंतनं ऐकलं. आणि पहिल्याच खेपेला तो एसी आपला आपण बंद पडला, तो पडलाच. मग बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून ती मांडीवर ठेवायची. टायर आम्ही इतरांनी वापरून टाकलेले आणायचो. ज्या टायरांवर दुसरं कुणी एक चक्करही मारणार नाही, त्यांच्यावर नसीम अख्खा हंगाम काढायची.

पहिल्यांदा मी तिच्या शेजारी बसले तो दिवस मला नीट आठवतो. नसीम म्हणजे अखंड बडबड. स्वयंपाक करताना, चालताना, नमाजाला उठतानासुद्धा वाक्य अर्धं ठेवून जायची आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू करायची. तीच बाई स्कार्फवर हेल्मेट चढवून ट्रॅकवर आली आणि गप्प झाली. गप्प म्हणजे अगदी गप्प. सरळ रस्त्यावर इंजिन किंचाळत होतं, उघड्या खिडकीतून गरम वारा तोंडावर आपटत होता, आणि हिचा चेहरा सुई ओवणाऱ्या बाईसारखा. मागून मोठमोठ्या गाड्या यायच्या. पुढच्यानं हात दाखवल्याशिवाय मागच्यानं पुढे जायचं नाही, असा नियम. नसीम प्रत्येकाला हात करून वाट द्यायची. सगळे आम्हाला मागे टाकून गेले. गाडी परत आणून उभी केल्यावर मी विचारलं, "बोलत का नव्हतीस?" म्हणाली, "मृणाल, डोकं रिकामं झालं गो. घर नाय, लॅब नाय, सनाची परीक्षा नाय. फक्त पुढचं वळण. असं मला कधी झालंच नव्हतं." आणि मग सुटलेल्या बडबडीची भरपाई तिनं घरापर्यंत केली.

थंडीच्या दिवसांतले आमचे शुक्रवार असे जायला लागले. गाडी टो ट्रकवर चढवायची, इथं त्याला रिकव्हरी म्हणतात, आणि मागून आम्ही आमच्या गाडीतून डबे घेऊन जायचो. शेजारच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या लावायच्या गाळ्यात, झळझळीत गाड्यांचे मालक असायचे. त्यांच्याकडे मेकॅनिक, पंखे, खुर्च्या. आमच्याकडे चटई आणि नसीमची खिमा-पोळी. हळूहळू ती मंडळी चटईवर यायला लागली. एका कतारी मुलानं तिला विचारलं, "आंटी, व्हाय यू ड्राइव्ह धिस ओल्ड कार?" नसीम त्याच्या हातात पोळी देत म्हणाली, "बिकॉज धिस इज माय कार. यल्ला, खा." 'यल्ला' अरबीत, 'खा' मराठीतच. त्यानं खाल्ली.

युसूफभाईंना यातलं सगळं माहीत नव्हतं. आपण हेमंत-मृणालसोबत जातो, एखादी चक्कर मारतो, इतकंच तिनं घरी सांगितलं होतं. मग एके दिवशी लांब सरळ रस्त्याच्या टोकाला तिनं ब्रेकवर पाय दिला आणि तो पाय खालपर्यंत गेला. ब्रेक लागलेच नाहीत. त्या दिवशी मी आणि हेमंत कठड्याशी उभे होतो. गाडी वळणाशी हळू व्हायला हवी तिथं झाली नाही, एवढंच मला दिसलं. नसीमनं वळायचा प्रयत्नच केला नाही. एकामागून एक गिअर खाली टाकत तिनं गाडी सरळ बाहेरच्या खडीत घातली. धुरळ्याचा एक मोठा लोट उठला, आणि त्या लोटात लाल काहीच दिसेना... आम्ही धावत सुटलो, तेव्हा तिथल्या माणसांनी आम्हाला अडवलं. धुरळा खाली बसला तर नसीम गाडीबाहेर येऊन बूट काढून त्यातली खडी झटकत होती. आम्हाला बघून हसली. मग चटईवर बसल्यावर पाण्याची बाटली मला तिच्या तोंडाला लावावी लागली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत सनाच्या फोनवर गेला आणि सनाकडून वडिलांकडे. युसूफभाई ओरडणारे नव्हेत. ते आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि हेमंतला म्हणाले, "सांगितलान नाय तिनं मला. माझ्या घरात पोरगी आहे रे. हिला काय झालं तर तिला मी काय सांगू?" नसीमनं त्यानंतर गाडीवर कापड टाकलं. भांडली नाही, रडली नाही. फक्त कमी बोलायला लागली. घरात, आमच्याकडे, सगळीकडेच. हे आधी युसूफभाईंच्याच लक्षात आलं असावं, कारण पुढच्या थंडीत एका शुक्रवारी ते स्वतः चहाचा थर्मास घेऊन खाली आले. म्हणाले, "चला. मी बघतो, मग काय ते सांगतो."

त्यांनी बघितलं मात्र काही नाही. नसीम ट्रॅकवर गेल्यापासून परत येईपर्यंत ते डोळे मिटून, ओठ हलवत बसून होते. गाडी आमच्यासमोर येऊन थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नसीमनं हेल्मेट काढलं. चेहरा घामानं निथळत होता आणि ती बोलत सुटली होती, कुठल्या वळणावर काय झालं, कोण कसा मागे राहिला. युसूफभाईंनी थर्मास उघडून तिला चहा ओतून दिला. त्यानंतर प्रत्येक खेपेला ते यायचे. गाडी निघायच्या आधी हेमंतला एकच विचारायचे, "ब्रेक बघितलास ना रे?" आणि मग डोळे मिटायचे.

म्हणून मला वाटतं, आमच्यातल्या सगळ्यांत घाबरट माणसानंच सगळ्यांत मोठी तयारी केली होती. नसीमचं दफन ती गेली त्याच दिवशी झालं. कबरस्तान आमच्या घरापासून लांब नाही. पुरुष गेले, आम्ही बायका घरी थांबलो. सना माझ्या शेजारी बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "शी वॉज जस्ट सिटिंग, आंटी. शी वॉज जस्ट सिटिंग." तिच्या हातात मी नुसता माझा हात देऊन ठेवला. पुरुष परतले तेव्हा युसूफभाईंच्या चपलांना ओली माती होती. ते दाराशीच थांबले आणि आत न येता हेमंतला म्हणाले, "दर खेपेला मी मनात तिला निरोप देऊन ठेवायचो रे. ट्रॅकसाठी मी तयार होतो. बससाठी नव्हतो."

भेटायला माणसं येत राहिली. मराठी मंडळातली, लॅबमधली, ट्रॅकवरचीसुद्धा. बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच : "ट्रॅकवर झालं का?" नाही म्हटलं की ती क्षणभर गोंधळायची. मला आधी त्यांचा राग आला. मग कळलं, तीही माझ्यासारखीच झाली आहेत. कुठेतरी कारण हवं असतं. वेग, वळण, ब्रेक... काहीतरी, ज्याला दोष देता येईल. शेवटच्या शुक्रवारी नसीम कशी होती, ते मी मनात कितीदा तरी उलटंपालटं करून पाहिलं आहे. चांगली होती. नेहमीसारखी चालवली, नेहमीसारखी बोलली, वाटेत थांबून कडक चहा घेतला, रविवारी कोबीच्या वड्या करते म्हणाली. केल्याही. दम लागणं, दुखणं, थकवा, काही म्हणजे काही नाही.

गेल्या आठवड्यात कंपाउंडच्या लोकांनी कळवलं की पार्किंगची शेड बदलायची आहे, गाड्या पलीकडच्या बाजूला न्या. सगळ्यांनी नेल्या. लाल गाडी तेवढी राहिली. सकाळी आम्ही खाली गेलो. युसूफभाई आले, सनाही आली. हेमंतनं कापड काढलं, दार उघडलं आणि आत शिरायला वाकला, तो तसाच थांबला. मी जवळ जाऊन बघितलं. नसीम ठेंगणी. गाडीत बसली की सीट ओढून पार स्टिअरिंगला टेकवायची आणि पाठीमागे घरातली निळी उशी घ्यायची. त्या शेवटच्या शुक्रवारी रिकव्हरीवरून गाडी तिनंच उतरवली होती, तिनंच इथं आणून लावली होती. सीट पार पुढे होती. उशीत मधोमध खळगा होता. सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये हेमंतचा गुडघाही मावला नसता.

सीट मागे सारायचा खटका खालीच असतो. हेमंतचा हात तिथपर्यंत गेला. त्यानं युसूफभाईंकडे बघितलं.

"नको," सना म्हणाली. मराठीत.

हेमंतनं हात काढून घेतला. आत वाकून किल्ली फिरवली, गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला. मी बाहेरूनच उघड्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. मागून हेमंत, युसूफभाई आणि सना यांनी ढकलायला सुरुवात केली, आणि गाडी हळूहळू उन्हात आली. मी तिच्या बरोबरीनं चालत होते, एका हातानं ती वळवत... आतल्या रिकाम्या सीटला धक्का लागणार नाही अशा बेतानं.